आधी व्याज, मग मुद्दल : पर्याय मोडीत काढू नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गृहकर्जाची पहिली काही वर्षे नुसते व्याज भरायचे आणि मुद्दल नंतर फेडायचे, असा पर्याय कुणी सुचवला की 'यात बँकेचीच धन' म्हणून तो उडवून लावला जातो. आकडे मांडले तर चित्र इतके एकतर्फी दिसत नाही.

समजा, कर्ज ५० लाखांचे, व्याजदर साडेआठ टक्के, मुदत २० वर्षे. नेहमीचा हप्ता सुमारे ४३,४०० बसतो. नुसते व्याज भरले तर ३५,४००. दरमहा आठेक हजार हातात राहतात, तेही घर घेतल्यावर खिसा रिकामा झालेला असतो त्या काळात. डोक्यावर क्रेडिट कार्डाचे किंवा दुसरे चढ्या व्याजाचे देणे असेल, तर हे आठ हजार आधी तिकडे वळवण्यातच शहाणपण. शिवाय नेहमीच्या हप्त्याने मुद्दल भराभर फिटते, हाही गैरसमजच. पहिल्या हप्त्यातला ८० टक्क्यांहून जास्त पैसा व्याजातच जातो. पाच वर्षांत २६ लाख भरूनही मुद्दल घटते ते जेमतेम सहा लाखांनी!

मला मोठा वाटणारा फायदा वेगळाच आहे. नेहमीच्या कर्जात मध्येच पाच लाख भरले तर बहुतेक वेळा मुदत कमी होते, पुढच्या महिन्याचा हप्ता आहे तेवढाच राहतो. व्याजापुरत्या हप्त्याच्या काळात तेच पाच लाख मुद्दलात भरले की हप्ता लगेच साडेतीन हजारांनी उतरतो. कमिशनवर काम करणारे, सल्लागार, हंगामी धंदा करणारे अशांची कमाई कधी भरभरून, तर कधी नावापुरती. त्यांना मुद्दल आपल्या सवडीने फेडता येते आणि मंदीच्या महिन्यात हप्ता चुकण्याची धास्ती कमी होते. जुने घर विकले जाईपर्यंत दोन्ही घरांचा भार सोसणाऱ्यांनाही हा आधार मोलाचा.

हे फुकट मिळत नाही, हेही सांगायला हवे. वरच्या उदाहरणात पाच वर्षे मुद्दलाला हातच लावला नाही, तर उरलेल्या १५ वर्षांसाठी हप्ता ४९,२०० वर जातो आणि एकूण व्याज पावणेसहा लाखांनी वाढते. पुढे मिळकत वाढण्याची खात्री नसेल, त्याने या वाटेला जाऊ नये.

पण म्हणून दारच बंद करायचे? डेन्मार्कमध्ये २००३ पासून अशा कर्जांना मुभा आहे. ब्रिटनने २०१४ पासून, कर्जदार मुद्दल कशातून फेडणार हे तपासण्याची जबाबदारी कर्ज देणाऱ्यावर टाकली. ऑस्ट्रेलियाच्या नियामकाने २०१७ मध्ये नव्या गृहकर्जांतला अशा कर्जांचा वाटा ३० टक्क्यांपर्यंत मर्यादित केला आणि पुढे ती मर्यादा उठवली. लगाम घातला, घोडा विकला नाही.

माझे मागणे दोनच गोष्टींचे आहे. मुद्दल मुदतीआधी भरल्यास दंड नसावा. आणि मंजुरीपत्राच्या पहिल्याच पानावर आजचा हप्ता व सवलत संपल्यानंतरचा हप्ता शेजारी शेजारी, सारख्याच ठळक अक्षरांत छापलेले असावेत.

आपला,
एक नियमित वाचक