त्या ओळीला मी गप्प राहायचे

प्रिय बाळ,
प्रभूमध्ये अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "खोट्या बिलावर सही केली नाही म्हणून माझी बढती गेली. जिने केली, ती आज माझी साहेब आहे. आई, मी प्रार्थनाच सोडलीय." मला तेव्हा काही सुचलं नाही. रात्रभर तेच डोक्यात होतं, म्हणून लिहितेय. सही केली नाहीस ते बरोबरच केलंस, हे आधी सांगते.

बायबलमधलं ७३वं स्तोत्र काढून वाच. ते रचणाऱ्या आसाफाची तक्रार अगदी तुझीच आहे: दुष्ट माणसं धष्टपुष्ट, निवांत, आणि मी मन शुद्ध ठेवलं ते फुकटच. पाय घसरता घसरता राहिला, असं तो स्वतः कबूल करतो. सतराव्या वचनात तो देवाच्या पवित्रस्थानात जातो आणि तिथून त्याची नजर बदलते. पण त्याचे दिवस पालटले, असं पुढे कुठेच लिहिलेलं नाही. ८८वं स्तोत्र तर अंधारातच संपतं. तरी तेही पवित्र शास्त्रातच आहे.

तुझा भाऊ जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी गेला, तेव्हा तू चार वर्षांची होतीस. "देवाला आवडला," असं लोक म्हणायचे. मला ते ऐकवत नसे. बायबलमधल्या, सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तेवढंच त्यांनी बरं केलं. तोंडं उघडली आणि सगळं बिघडलं. शेवटी देव रागावला तो त्यांच्यावर, देवाशी भांडणाऱ्या ईयोबावर नाही.

पुढे कित्येक महिने उपासनेत येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना सुरू झाली की "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" या ओळीला माझे ओठ मिटायचे. देवासमोर खोटं बोलायचं नव्हतं मला. गीतांचं पुस्तक घट्ट धरून उभी राहायचे. शेजारच्या म्हाताऱ्या बाई ती ओळ जरा मोठ्यानं म्हणायच्या. "आमची रोजची भाकर" आली की मी पुन्हा सुरू करायचे. एका रविवारी ती ओळ तोंडून निघून गेली, आणि ते मला भाकरीपाशी आल्यावर कळलं. बाळ का गेलं, याचं उत्तर मला आजही मिळालेलं नाही.

"माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" हे २२व्या स्तोत्राचे शब्द प्रभूने वधस्तंभावरून उच्चारले. विचारलं ते देवालाच. तूही भांड, रड, जाब विचार. फक्त अबोला धरू नकोस.

रविवारी उपासनेला जा. जी ओळ म्हणवणार नाही, तिथे गप्प राहा. तुझ्या वाटची मी इथे म्हणेन.

तुझी,
आई