आमच्या तिसऱ्या मजल्यावर येणाऱ्या काफ्नेस

काकू, सप्रेम नमस्कार.

वाचनालयाच्या काउंटरवर तुमचे आभार मानायला गेलं की तुम्ही "पुढचं कुठलं देऊ?" म्हणून विषयच मोडता. म्हणून हे जाहीर पत्र. नाव लिहीत नाही, आपल्या भागातल्या वाचकांना कळेलच.

जूनमध्ये लेक सायकलवरून पडली आणि सहा आठवडे पाय प्लास्टरमध्ये. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. वर्गणी भरलेली, पण पुस्तक बदलायला जाणार कोण? मी ऑफिसातून सुटेपर्यंत तुमचं शटर खाली आलेलं असतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. दारात तुम्ही, गुडघ्याला पट्टा, खांद्याला कापडी पिशवी. पाणी प्यायच्या आधी रजिस्टर काढून तिची सही घेतलीत!

तिला हवा होता 'मॅगस ऑफ द लायब्ररी' हा जपानी मांगा, म्हणजे चित्रकथेचं पुस्तक. तुमच्याकडे मांगा एकही नव्हता. "म्हणजे काय गं ते?" असं तिलाच विचारलंत आणि पुढच्या खेपेला पहिला भाग घेऊन आलात. तारखेची चिठ्ठी मात्र सवयीने शेवटच्या कव्हराच्या आत डकवलेली. मांगा उजवीकडून वाचतात, त्यामुळे ती नेमकी गोष्टीच्या तोंडाशी आली. लेकीने दाखवल्यावर तुम्ही पोटभर हसलात आणि चिठ्ठीखाली पेन्सिलीने लिहिलंत, 'सुरुवात इथून. पुस्तक बरोबर आहे.'

तिच्यामागून मीही वाचला. मित्सु इझुमी यांची ही मालिका जपानमध्ये २०१७ पासून 'गुड! आफ्टरनून' मासिकात येते आहे. त्यातला थिओ गरीब वस्तीतला, टोकदार कानांमुळे पोरांच्या चेष्टेचा विषय. बहीण राबून त्याला शाळेत पाठवते, पण गावच्या ग्रंथालयात त्याला मज्जाव. मग आफ्त्झाक शहरातल्या मोठ्या ग्रंथालयाच्या ग्रंथपाल गावात येतात. त्यांना म्हणतात काफ्ना. त्यांच्यातली सेडोना त्याला स्वतःचं पुस्तक देते, तेही बोलीवर: एक दिवस आफ्त्झाकला येऊन परत कर. चित्रं इतकी बारकाईने काढलीत की एकेका पानावर नजर अडकते. कपड्यांवरची नक्षीसुद्धा हाताने चाचपून बघावीशी वाटते. जादूची पुस्तकं आहेत, पण मला जास्त आवडलं ते जुनी पुस्तकं जपणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या माणसांना तिथे असलेला मान. आपल्याकडे खळीचा डबा घेऊन बसलेल्या माणसाकडे कोण बघतं?

थिओला हाकलतात ते पान मला दोनदा वाचवेना. मी चौथीत असताना एका वाचनालयात कपाटाला हात लावला, तर "अनामत भरलीय का?" असं सगळ्यांसमोर विचारलं होतं. भरली नव्हती. पुढे कितीतरी वर्षं मी कुठल्याही वाचनालयाच्या दारातच घुटमळायचे. तुमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हाही बाहेरूनच विचारलं होतं, आठवतं? तुम्ही म्हणालात, "आत येऊन बघा ना, बाहेरून काय दिसणार!"

लेक तुम्हाला घरात 'काफ्ना' म्हणते. तुमच्यासमोर म्हणायला लाजते, म्हणून मीच फोडून टाकलं.

प्लास्टर निघालंय. दुसऱ्या भागाची तारीख उलटून चार दिवस झाले, पण तो न्यायला तुम्ही जिना चढू नका. सोमवारी ती स्वतः चालत येऊन परत करणार आहे. मला सोबत येऊ नकोस म्हणालीय. दंड मात्र घ्याच, सुटे पैसे तिने मोजून ठेवलेत.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची वाचक