गच्चीवरच्या सळया

जेल रोड, नाशिक रोड

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायचं तीनदा ठरवलं आणि तिन्ही वेळा मामांच्या कांद्याच्या भावावर बोलून फोन ठेवला. म्हणून लिहितेय. बाबा, गच्चीवरच्या सळया मी कापायला लावल्या. छत्तीसच्या छत्तीस.

1987 ला स्लॅब पडला तेव्हा मी सात वर्षांची होते. नऊ कॉलमांच्या डोक्यावर तुम्ही चार-चार सळया हातभर वर ठेवल्या होत्या, “वरचा मजला ताईचा” म्हणून. मग प्रेसमधला पगार, सोसायटीचं कर्ज, दादाचं शिक्षण, माझं लग्न. मजला राहून गेला. तरी दर दिवाळीआधी तुम्ही त्या सळयांना सिमेंटचं पाणी फासायचात आणि आई त्यांनाच दोरी बांधून कपडे वाळत घालायची. हे सगळं माहीत असूनही मी कापल्या, म्हणून कारण नीट सांगते.

सिमेंटच्या पाण्यानं गंज थांबला नव्हता. गंजलेलं लोखंड फुगतं आणि भोवतालचं काँक्रीट आतून फोडतं. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात दर पावसाळ्यात पोपडे धरायचे, ते आपण गळतीचे समजत होतो. गिलावा उतरवल्यावर कॉलमला उभी चीर दिसली, करंगळी जाईल एवढी. इंजिनिअर बाईंनी टवका काढून त्यावर फिनॉल्फ्थॅलिन मारलं, आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत असायचं तेच. काँक्रीटमधला अल्कलीपणा शाबूत असेल तिथे ते गुलाबी होतं. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं तो संपला की रंग येत नाही, आणि आतल्या सळईला मग कुणाची राखण उरत नाही. कॉलमच्या वरच्या दोन फुटांत रंग आलाच नाही.

मग जोत्याशी खड्डा घेतला. बाबा, तिथे गुलाल उधळल्यासारखा रंग चढला! काळी माती पूर्ण काढून पाया थेट मुरमावर घेतलाय, कुठे भेग नाही. बाई म्हणाल्या, “हे करून घेणारा माणूस रोज इथे उभा असणार.” मी सांगितलं, पहिली पाळी सुटली की बाबा घरी न जाता इथे यायचे, पोती ओली करायला. बोलता बोलता मला रडू आलं.

मजला चढवता आला असता. चिरलेल्या कॉलमांना बाहेरून जाळी आणि काँक्रीटचा जाड थर द्यायचा, छिद्रं पाडून नव्या सळया केमिकलनं बसवायच्या. पण पैसे एकाच कामापुरते आहेत, आणि आईच्या गुडघ्यांनी तीन वर्षांत गच्ची पाहिलेली नाही. मी वर राहणार आणि तुम्ही खालून हाका मारणार, असं घर मला नको आहे. म्हणून कॉलम दुरुस्त केले, गच्चीवर पाणी मुरू नये म्हणून विटांच्या तुकड्यांचा नवा ब्रिकबॅट कोबा घातला, आणि उरलेलं सगळं खालच्या मजल्यात.

तुमच्या खोलीला लागूनच संडास-बाथरूम केलंय. कमोड आहे, दोन्ही बाजूंना धरायला दांडे आहेत, फरशी खरखरीत आहे, दार तीन फुटांचं आणि उंबरा काढून टाकलाय. पुढच्या पायऱ्यांच्या जोडीला उतार हवा होता. जोतं दोन फूट, फुटाला बारा फूट या हिशोबानं चोवीस फूट लांबी लागते आणि गेटपर्यंत जागा चौदाच. शेवटी तो बाजूच्या बोळातून, कढीपत्त्याला वळसा देऊन नेला. कढीपत्त्याला हात लावू दिला नाही.

मिस्त्री काम चांगलं करतो, पण पाणी मारायचा कंटाळा. चौथ्या दिवशी म्हणाला, बास झालं आता. हल्लीच्या बहुतेक सिमेंटमध्ये राख असते, एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात निघते तसली, त्याला निदान दहा दिवस ओलावा लागतो. तेव्हा सकाळ-संध्याकाळ मीच पाइप धरते. तुम्ही घरी आल्यावर हात धुताना तुमच्या नखांत सिमेंट असायचं, तसं आता माझ्या असतं.

बाबा, रागावला असाल तर रागवा, पण या. रंग लावायच्या आधी तो पाया तुम्हाला दाखवायचाय, खड्डा अजून बुजवलेला नाही.

आणि आई, जुना ओटा तुला उंच पडायचा. कणीक मळताना टाचा उचलायचीस, ते मी लहानपणापासून बघतेय. तू समोर उभी राहिलीस की कोपरापासून माप घेऊ. कडप्पा येऊन पडलाय, शुक्रवारी बसवायचं म्हणतात, मी थांबवून ठेवलंय. पिंपळगावहून सकाळच्या एसटीनं निघालात तर द्वारका चौकात घ्यायला येते.

तुमची,
ताई