मंगळवारच्या रांगेत आशाताई कशी बसणार?

संपादक महोदय,

कोरोना ओसरला आणि त्या काळात राबलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मनाचा विषयही मागे पडला. कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रातून आरोग्य सहायक म्हणून मी निवृत्त झालो, म्हणून हे पत्र.

एप्रिल २०२० मध्ये जिल्ह्यातील हिरेबागेवाडी आणि कुडचीत रुग्ण सापडू लागले, तेव्हा आमच्या आशाताईंनी वही आणि मास्क घेऊन घरोघरी फिरायचे, ताप-खोकल्याची नोंद करायची, पुण्या-मुंबईहून परतलेल्यांच्या हातावरचा शिक्का पाहायचा, आणि ज्या घरात कालपर्यंत चहा मिळत होता त्याच घराच्या बंद दाराबाहेर उभे राहून ‘कोण कोण आलंय?’ असे विचारायचे, असा क्रम सुरू झाला. त्यांपैकी एक ताई संध्याकाळी परसात आंघोळ करून गोठ्यालगतच्या खोलीत झोपत असे. लहान लेक उंबऱ्यावरून हाक मारी आणि ही आतून कडी लावून घेई. दुसऱ्या लाटेत तिनेच समजूत घालून दवाखान्यात पाठवलेले शेजारचे काका परत आले नाहीत. ‘मी पाठवलं नसतं तर?’ असे ती आजही मध्येच विचारते.

आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्यांना सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली, ५० लाखांचे विमा कवच आले; पण ते मार खाल्ल्यावर किंवा मेल्यावर कामी येणारे. जुलै २०२० मध्ये राज्यातील आशांनी दरमहा १२ हजार रुपयांसाठी काम बंद केले, तेव्हा त्याकडे निव्वळ पैशाची मागणी म्हणून पाहिले गेले. मानधन थकले की झोप कशी उडते, हे ज्याचे त्यालाच ठाऊक.

मदत अजिबात नाही, असे नव्हे. मानसिक आरोग्याच्या सल्ल्यासाठी १४४१६ हा टेली-मानस क्रमांक आहे, राज्याच्या मनोचैतन्य कार्यक्रमात मंगळवारी तालुका रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञही येतात. परंतु त्या रांगेत गावातल्या रुग्णांना घेऊन जाणारी आशाताईच असते. ती स्वतःच तिथे केसपेपर काढून बसली, तर संध्याकाळपर्यंत गावभर चर्चा होईल. फोनवर बोलायचे, तर घरात एकांत कुठला?

यासाठी दर दोन महिन्यांनी तालुक्याबाहेरचा, मराठी जाणणारा समुपदेशक मासिक बैठकीच्या दिवशीच केंद्रावर पाठवावा. नोंदी कन्नडमधून ठेवण्यास कुणाची हरकत नाही, आमच्या ताई त्या व्यवस्थित ठेवतात. मात्र त्या काकांविषयी ती बोलेल ती मराठीतूनच. जे बोलणे होईल ते तिच्या वरिष्ठांच्या कानी जाता कामा नये. मी स्वतः वरिष्ठ होतो, माझ्यापाशी कुणी मन मोकळे केले नाही, आणि आज वाटते, ते बरोबरच होते. जागेची अडचण सांगू नये. आमच्या केंद्रात लसींच्या फ्रीजशेजारची खोली गुरुवारचे लसीकरण सोडले तर रिकामीच असते.

– एक निवृत्त आरोग्य सहायक, ता. खानापूर, जि. बेळगाव