तलावाकाठी क्लोरीनचा आकडा लावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पोहायला उतरण्याआधी आपण काठावर उभे राहून एकच गोष्ट पाहतो, तळ दिसतो का. तळाच्या फरश्या स्वच्छ दिसल्या की मुलांना निर्धास्तपणे पाण्यात सोडतो. मी अनेक वर्षे एका जलतरण तलावाचे पाणी सांभाळले. त्या अनुभवावरून सांगतो की पाणी नितळ ठेवणे आणि ते निर्जंतुक ठेवणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले जमले म्हणून दुसरे झाले, असे होत नाही.

नितळपणा अनावश्यक आहे असे मी म्हणत नाही. गढूळ पाण्यात बुडणारा माणूस जीवरक्षकाला दिसत नाही. तळाची जाळी काठावरून स्पष्ट दिसत नसेल, तर तलाव त्या क्षणी बंद करायला हवा. माझे म्हणणे इतकेच की नितळ पाणी शेवाळनाशकाने, तुरटीने आणि चांगल्या फिल्टरनेही मिळते आणि या तिन्ही गोष्टी जंतूंसाठी केलेल्या नाहीत.

माझ्या पहिल्याच हंगामात पायऱ्यांच्या कोपऱ्यांत हिरवा बुळबुळीत थर धरला. मी मोरचूद टाकला, दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकला. शेवाळ मेले, ते खाली बसल्यावर व्हॅक्युमने ओढून घेतले आणि पाणी त्या हंगामातले सर्वांत सुंदर दिसू लागले. पुढच्या आठवड्यात मुले डोळे चोळत बाहेर येऊ लागली. एका मुलीच्या फिक्या केसांवर हिरवट झाक आली. ती क्लोरीनने येते असे सगळे समजतात, प्रत्यक्षात ती तांब्याने येते, आणि मोरचूद म्हणजे तांब्याचेच मीठ. शेवटी पाणी नीट तपासले, तेव्हा मुक्त क्लोरीन, म्हणजे जंतू मारायला अजून मोकळा असलेला क्लोरीन, जवळजवळ शून्य निघाला. शेवाळ दिसेनासे झाल्यावर मी तपासणी ढिली सोडली होती, हा दोष सर्वस्वी माझा. शेवाळ हे लक्षण होते. क्लोरीन कमी पडतो आहे, हे ते मला सांगत होते आणि मी ते पुसून टाकले.

बाजारात मोरचुदाखेरीज अमोनियम वर्गातली शेवाळनाशकेही मिळतात. त्यांतली साधी, स्वस्त प्रकारची जास्त पडली की पाण्यावर फेस येतो. शेवाळ धरू नये म्हणून बेताने वापरली, तर त्यांचा उपयोग आहे. पण शेजारी पोहणाऱ्याच्या अंगावरून, नाकातोंडातून पाण्यात आलेला जंतू मिनिटभरात मारण्याचे काम त्यांचे नाही. ते क्लोरीनचे.

क्लोरीन टाकला म्हणजे झाले, असेही नाही. पाण्यात तो दोन रूपांत राहतो. जंतू मारण्याची खरी ताकद हायपोक्लोरस आम्लात, दुसरे रूप त्या मानाने फारच दुबळे. कोणते किती असेल ते पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्लतेचे माप, ठरवतो. पीएच 7.2 असताना सुमारे दोनतृतीयांश क्लोरीन कामाच्या रूपात असतो, 7.5 ला निम्मा आणि 8 ला जेमतेम पाव. म्हणजे नोंदवहीत 2 पीपीएम (दहा लाख भाग पाण्यात दोन भाग क्लोरीन) लिहिलेले असूनही पीएच चढला असेल, तर पोहणाऱ्याला त्यातले फार थोडे संरक्षण मिळते. म्हणूनच पीएच 7.2 ते 7.8 या पट्ट्यात ठेवायला सांगतात. मी तो खालच्या बाजूला ठेवत असे.

उघड्या तलावात आणखी एक गुंता होतो. भर उन्हात साधा क्लोरीन तासा-दोन तासांत बराचसा नाहीसा होतो. तो टिकावा म्हणून सायन्युरिक आम्ल वापरतात. टीसीसीए या नावाने मिळणाऱ्या क्लोरीनच्या पावडरीत आणि गोळ्यांत ते आधीच असते, आणि बहुतेक तलावांना हीच अडचण नडते. क्लोरीन रोज खर्च होतो, हे आम्ल मात्र पाण्यातच साठत जाते. टीसीसीएमधून 10 पीपीएम क्लोरीन गेला की सायन्युरिक आम्ल सुमारे 6 पीपीएमने वाढते. रोज 2 पीपीएम टाकणाऱ्या तलावात महिन्याभरात ते 36 पीपीएमने चढते. उन्हापासून बचावाला 30 ते 50 पीपीएम पुरते. त्यापुढे ते क्लोरीनला इतके धरून ठेवते की चाचणीत आकडा चांगला येतो, पण जंतू मरायला फार वेळ लागतो आणि शेवाळ पुन्हा धरते. मग व्यवस्थापक आणखी शेवाळनाशक ओततो. खरा इलाज एकच, थोडे पाणी काढून ताजे पाणी भरणे. खर्च आणि पाणी दोन्ही लागतात, म्हणून तो टाळला जातो.

क्लोरीनचा हिशेब चुकला की काय होते, हे 2016 साली रिओ ऑलिम्पिकमध्ये जगाने पाहिले. सूर मारण्याच्या स्पर्धेचा तलाव ऐन स्पर्धेत हिरवागार झाला. आयोजकांनी नंतर सांगितले की काही दिवस आधी पाण्यात 80 लिटर हायड्रोजन पेरॉक्साइड पडले होते. तेही जंतुनाशकच, पण ते क्लोरीनला निकामी करते. दोन चांगली रसायने एकत्र आली म्हणजे दुप्पट चांगले होत नाही. आम्ल आणि क्लोरीनची पावडर एकत्र आली तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. दोन वेगवेगळ्या प्रकारच्या क्लोरीन पावडरी एकाच बादलीत मिसळल्या तर आग किंवा स्फोट होऊ शकतो. हे काम करणाऱ्या कामगारांना कुणी समजावून सांगते का, याची मला खरोखर काळजी वाटते. रसायन पाण्यात टाकायचे, रसायनावर पाणी ओतायचे नाही, एवढे तरी प्रत्येकाला ठाऊक असावे.

पालकांसाठी एक गोष्ट. तलावावर उग्र वास आला की ‘क्लोरीन फार मारलाय’ असे आपण म्हणतो. तो वास बहुधा क्लोरामाइनचा असतो. घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग झाला की ते तयार होते आणि डोळे चुरचुरतात तेही त्यानेच. अशा वेळी क्लोरीन कमी करून उपयोग नाही, उलट मोठा डोस देऊन क्लोरामाइन मोडून काढावे लागते. उतरण्याआधी मिनिटभर शॉवरखाली अंग धुतले, तर हा भार बराच हलका होतो. आणि जुलाब होत असलेल्या मुलाला कृपया तलावावर आणू नका. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी नीट क्लोरीन असलेल्या पाण्यातही सात दिवसांहून जास्त जगतो.

प्रत्येक सार्वजनिक तलावाच्या दाराशी एक फळा असावा. त्यावर मुक्त क्लोरीन, एकूण क्लोरीन (मुक्त आणि क्लोरामाइनमध्ये बांधला गेलेला मिळून), पीएच आणि तपासणीची वेळ रोज लिहावी. सायन्युरिक आम्ल आठवड्यातून एकदा लिहिले तरी चालेल. तपासणी मुक्त क्लोरीन वेगळा दाखवणाऱ्या डीपीडी किटने करावी. पिवळा रंग दाखवणारी जुनी ओटीओ किट मुक्त आणि बांधलेला क्लोरीन वेगळा दाखवत नाही. या कामाला पाच-दहा मिनिटे लागतात. आणि फळ्यावर फक्त पहाटेचा आकडा नको. भरदुपारी, तलाव मुलांनी गच्च भरलेला असताना घेतलेला आकडाही हवा. क्लोरीन संपतो तो त्याच वेळी.

आपला,
एक निवृत्त तलाव-व्यवस्थापक