विमान वेळेवर उतरते, वाळूज मात्र दूरच राहते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात मी गेली चौदा वर्षे गुणवत्ता विभागात काम करते. आम्ही गाड्यांचे सुटे भाग बनवतो. वर्षातून सात-आठ वेळा मला ग्राहकांकडे विमानाने जावे लागते आणि त्याहून जास्त वेळा ग्राहकांची माणसे आमच्याकडे येतात. त्यामुळे छत्रपती संभाजीनगरचे चिकलठाणा विमानतळ ते वाळूज हा रस्ता मला जाता-येता पाठ झाला आहे. या रस्त्याला कोणते वाहन धरावे, हा प्रश्न ऐकायला साधा वाटतो. पण गेल्या महिन्यात त्याच प्रश्नापायी आमच्या ऑडिटची अख्खी सकाळ वाया गेली, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

हैदराबादहून एक ऑडिटर येणार होते. आमची गाडी ऐनवेळी बिघडली. मी त्यांना फोनवर सांगितले, "टॅक्सी करा आणि पंढरपूरला तिरंगा चौकात उतरा, तिथून मी तुम्हाला घेऊन जाते." आपल्या लेखी पंढरपूर म्हणजे वाळूजच्या रस्त्यावरचे छोटे पंढरपूर. त्यांनी अॅपवर पंढरपूर टाकले, तर समोर आले सोलापूर जिल्ह्यातले. भाड्याचा आकडा पाहून त्यांनी घाबरून मला फोन केला. चूक माझी होती. बाहेरच्या माणसाला सेक्टर, प्लॉट नंबर आणि नकाशावरची खूण आधीच पाठवायला हवी होती. नुसते 'वाळूज' म्हणूनही भागत नाही, कारण वाळूज गाव एमआयडीसीच्या पुढे, गंगापूरच्या दिशेला आहे.

मी पत्ता पाठवला. अॅपवरचा चालक 'येतो, येतो' म्हणत राहिला आणि पंधरा मिनिटांनी त्याने फेरी रद्द केली. मग पाहुण्यांनी बाहेर उभ्या असलेल्या तिघांना विचारले. एकाने 700 सांगितले, दुसऱ्याने 900, तिसऱ्याने 1200. अंतर तेच, गाड्याही जवळपास सारख्याच. कोणता आकडा खरा, हे त्या माणसाने कशावरून ठरवायचे? ते 900 वाल्याच्या गाडीत बसले. गाडी जालना रोडने शहरातून निघाली आणि दहाला सुरू व्हायची बैठक पावणेबाराला सुरू झाली. आल्यावर ते काही बोलले नाहीत. पण ज्या पुरवठादाराला पाहुणा वेळेवर आणता येत नाही, त्याच्या मालाच्या वेळेबद्दल पाहुण्याच्या मनात काय येत असेल, ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते.

आपले विमानतळ शहराच्या पूर्वेला आणि वाळूज पश्चिमेला. मधे वीस-बावीस किलोमीटर आणि पूर्ण शहर. मुकुंदवाडी, सिडको, सेव्हन हिल्स, मोंढा नाका, क्रांती चौक, नगर नाका हे सगळे ओलांडल्यावर छावणी मागे पडते आणि वाळूजचा रस्ता लागतो. उड्डाणपूल झाले, पण पुलावर वाचलेली मिनिटे पुढच्या सिग्नलला जातात. दुसरा रस्ता केंब्रिज चौकातून झाल्टा फाट्याला आणि तिथून बीड बायपासने महानुभाव आश्रम, लिंक रोड, एएस क्लब असा. अंतराने तो काही कमी नाही, पण शहरात गर्दी असेल तर मी डोळे झाकून तोच घ्यायला सांगते. गाडीत बसण्याआधी 'बायपासने चला' एवढे बोलून घ्यावे. बसल्यावर बोलले की चालकाचा भाव बदलतो. आषाढी एकादशीला मात्र काहीच हाती राहत नाही. छोट्या पंढरपुरात लाखो भाविक येतात, वाहतूक वळवली जाते. त्या दिवशी पाहुण्यांना बोलवूच नये, हे आमच्याकडे नव्या मुलांनाही सांगून ठेवले आहे.

वाहनांचे म्हणाल तर मी सगळी वापरून पाहिली आहेत. नोकरीला लागले तेव्हा पाठीवर पिशवी टाकून जालना रोडपर्यंत चालत यायचे, सीटवर, म्हणजे माणशी भाड्याने, रिक्षा धरून सिडकोला, तिथून दुसरी रिक्षा, बाबा चौकातून तिसरी. पैसे फार कमी लागायचे. हातात एकच पिशवी, बाहेर उजेड, घाई नाही आणि शहर माहितीचे, तर आजही हे जमते. 2019 साली स्मार्ट सिटीची बस सुरू झाल्यापासून मी अनेकदा बसनेही गेले आहे. दिवसा, सुटसुटीत सामान असताना ती स्वस्त आणि भरवशाची वाटते. पण बस तिच्या वेळेने धावते आणि विमान त्याच्या. रेल्वेचा वाळूजला उपयोग नाही, रूळ तिकडे जातच नाहीत. शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत जाणाऱ्यांचे तुलनेने बरे आहे. विमानतळातून बाहेर पडून जालन्याच्या दिशेने आठ-दहा किलोमीटर, शहर लागतच नाही. तिथे साधी रिक्षा केली तरी चालते.

रात्रीचा हिशेब वेगळा. बाईमाणसाने रात्री एकटीने वाळूजला जायचे असेल तर पैशांकडे पाहू नये, हे मी अनुभवावरून सांगते. पिवळ्या पाटीची गाडी, ठरलेले भाडे, गाडीचा नंबर घरच्यांना पाठवलेला आणि घरचे कुणीतरी जागे असलेले, एवढे तरी हवे. दोन वर्षांपूर्वी माझे विमान उशिरा आले. भाडे ठरवून मी एका गाडीत बसले. नगर नाक्याच्या पुढे चालकाने गाडी बाजूला घेतली आणि म्हणाला, "मॅडम, इथून पुढं दोनशे वाढवावे लागतील. वाळूजहून परत यायला सीट भेटत नाही." बाहेर अंधार, छावणीचा सामसूम रस्ता. मी दोनशे दिले. घरी पोहोचेपर्यंत हातातला मोबाइल खाली ठेवला नाही. वडील फाटकाशी उभे होते, सत्तरी उलटलेले, थंडीत कानाला मफलर गुंडाळून. त्यांना मी यातले काहीही सांगितले नाही.

रस्त्यात गाडी थांबवून पैसे मागणे हे सरळसरळ चुकीचे आहे. पण तो म्हणाला ते खोटे नव्हते आणि तेच माझ्या डोक्यात राहिले. वाळूजला रात्री सोडून आलेली गाडी वीस किलोमीटर रिकामी परत येते. डिझेल तेवढेच जळते. चालक दोन्ही फेऱ्यांचे पैसे एकाच प्रवाशाकडून काढतो किंवा वाळूजचे नाव ऐकून फेरी रद्द करतो. 700 आणि 1200 मधला फरक मुख्यतः या रिकाम्या फेरीचा आहे. प्रत्येक जण ती आपल्या अंदाजाने मोजतो.

आता मला या पत्रातून जे खरे सांगायचे आहे, ते हे. ही फेरी रिकामी असण्याचे कारणच नाही. आपल्याकडे जे विमान उतरते तेच अर्ध्या-पाऊण तासात प्रवासी घेऊन परत उडते. त्या परतीच्या विमानाने जाणारे बरेच लोकही वाळूजहूनच निघतात आणि वेळेच्या दीड-दोन तास आधी विमानतळावर येतात. म्हणजे जाणाऱ्याला सोडायला आलेली गाडी तास-दीड तास थांबली तर येणाऱ्याला घेऊन वाळूजला परत जाऊ शकते. दोन्ही फेऱ्या भरलेल्या. पण आज जाणाऱ्याला एक कंपनी सोडते आणि तिची गाडी रिकामी परत येते. येणाऱ्याला दुसरी कंपनी आणते आणि तिची गाडी रिकामी निघते. आमच्याच गल्लीत मी पाहिले आहे. एकाच विमानाने आलेल्या तीन पाहुण्यांसाठी लागून असलेल्या तीन कारखान्यांतून तीन गाड्या गेल्या होत्या. तिन्ही चालक विमानतळावर एकमेकांना भेटले, चहा प्यायले आणि एकेक माणूस घेऊन एकामागोमाग परत आले.

मसिआ आणि सीएमआयए या आपल्या उद्योजक संघटनांनी मनावर घेतले तर विमानाच्या वेळांना जोडलेली सामाईक गाडी सुरू करणे अवघड नाही. सुरुवातीला बारा-पंधरा सीटची एक गाडी, तीही फक्त सकाळ-संध्याकाळच्या विमानांपुरती. मार्ग बीड बायपासचा, थांबे ठरलेले: एएस क्लब, तिरंगा चौक, बजाजनगर, रांजणगाव. विमानाला उशीर झाला तर गाडीही थांबेल, हा तिचा पहिला नियम असावा. सिटी बस चालवणाऱ्यांनी हेच केले तर त्याहून चांगले, कारण मग नोकरीच्या मुलाखतीला आलेल्या मुलालाही त्याच तिकिटात बसता येईल. बेंगळुरूला मी विमानतळावरून वायुवज्र बसने गेले आहे. ती थेट इलेक्ट्रॉनिक सिटीपर्यंत, म्हणजे लोकांच्या कामाच्या ठिकाणापर्यंत नेते. आपले विमानतळ लहान आहे, विमाने मोजकी आहेत. म्हणूनच इथे वेळा जुळवणे त्या मानाने कितीतरी सोपे आहे.

ती गाडी येईल तेव्हा येवो. दरम्यान आगमनाच्या दारासमोर मराठी, हिंदी आणि इंग्रजीत भाड्याची एक पाटी लागलेली मला बघायची आहे. शेंद्रा, सिडको, रेल्वे स्टेशन, वाळूज, बिडकीन, प्रत्येकाचे दिवसाचे आणि रात्रीचे भाडे. रिक्षाचे दर प्रादेशिक परिवहन प्राधिकरण ठरवते आणि त्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. म्हणजे पाटीसाठी दार कुठले ठोठवायचे, हेही ठरलेलेच आहे. वाळूजच्या दरात परतीच्या फेरीचा वाटा उघडपणे धरावा, चालकांवर अन्याय नको. प्रवासी जास्त पैसे द्यायला नाही म्हणत नाही. मध्यरात्री नगर नाक्याच्या पुढे मागितले की तो नाही म्हणतो.

हे सगळे आत्ताच लिहिण्याचे कारण बिडकीन आहे. ऑरिक या नव्या औद्योगिक शहराची शेंद्रा आणि बिडकीन मिळून सुमारे 10 हजार एकर जमीन, 2024 साली टोयोटा-किर्लोस्करने राज्य सरकारशी केलेला करार, नवे कारखाने, त्यांच्यामागून येणारे पुरवठादार. बिडकीन पैठण रस्त्यावर, म्हणजे विमानतळापासून तेही आडवळणालाच. वाळूजला जे आम्ही इतकी वर्षे सोसले, ते तिथल्या लोकांच्या वाट्याला पहिल्या दिवसापासून येऊ नये. बीड बायपासवरची गाडी महानुभाव आश्रमापर्यंत सामाईक चालेल. तिथून एक वाट लिंक रोडने वाळूजला जाते आणि दुसरी पैठण रस्त्याने बिडकीनला.

ऑडिटच्या त्या सकाळनंतर मी आमच्या फाटकावरचे पाहुण्यांचे रजिस्टर काढून बसले. शेजारच्या पाच कारखान्यांतल्या ओळखीच्या लोकांनीही आपापली रजिस्टरे दाखवली. कोणत्या दिवशी, कोणत्या विमानाने, किती माणसे आली आणि गेली, याची तीन महिन्यांची नोंद मी एका वहीत उतरवली आहे. पाहुण्यांची नावे त्यात नाहीत, फक्त वेळा आणि माणसांची संख्या आहे. संघटनांपैकी किंवा सिटी बसच्या कार्यालयातून कुणी मागितली तर ती वही मी स्वतः आणून देईन.

आपली नम्र,
एक वाचक,
बजाजनगर, वाळूज, छत्रपती संभाजीनगर