ग्रहण सूर्याचे की चंद्राचे?

महोदय,

हरवलेल्या संस्कृतींच्या साहसकथांचा अनुवाद छापताना मूळ आवृत्तीचे साल जरूर द्यावे. इंग्रज कादंबरीकार रायडर हॅगर्ड यांच्या ‘किंग सॉलोमन्स माइन्स’ या कादंबरीत (१८८५) आधी सूर्यग्रहण होते, नंतरच्या आवृत्त्यांत ते चंद्रग्रहण झाले. सूर्यग्रहण अमावस्येलाच लागते, खग्रास स्थिती फार तर साडेसात मिनिटे. ग्रहणाच्या अंधाराचा फायदा घेऊन निसटणाऱ्या नायकांची सुटका तेवढ्यात कशी उरकणार? चंद्राची खग्रास स्थिती मात्र तासाहून अधिक टिकू शकते. दोन आवृत्त्यांची सरमिसळ झाली, की एका पानावर सूर्य झाकोळतो आणि पुढच्या पानावर चंद्र. ग्रहण सुटताच रामकुंडावर स्नानाला धावणाऱ्या नाशिककरांना हे खटकणारच! संपादकांनी ‘ग्रहण’ शब्द प्रत्येक पानावर शोधून आधी तिथी ताडून पाहावी.

– एक वाचक, नाशिक